रिकाम्या पेटीचा रस्ता

आमच्या भागात रस्त्याच्या कडेला कुणी टेप धरून उभं राहिलेलं दिसलं, की आठवड्याभरात तिथे आंब्याची कलमं उभी राहतात. द्रुतगती मार्ग झाला, रेल्वेची नवी लाइन आली, गॅसची पाइपलाइन गेली, आणि दर वेळी आमच्या माणसांच्या लक्षात आलं की भरपाई देताना सरकार रिकाम्या जमिनीपेक्षा झाडाला आणि पत्र्याच्या शेडला जास्त मान देतं. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं. तरीही एका जानेवारीत टेप घेऊन मी स्वतः जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर उभी राहिले, आणि तेही आईच्या दारासमोर. एवढा मूर्खपणा करायचा मला सरकार पगार देत होतं.

मी एका संशोधन संस्थेत नोकरीला आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर आमचे साहेब हे वाचताना पहिली लाल रेघ तिथेच मारतील. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन वर्षानुवर्षं पाण्याच्या टाकीत गार होत ठेवलेलं असतं. त्यातला एखादा तुकडा मधूनमधून प्रयोगशाळेत न्यावा लागतो. तिथे हातभर जाड काचेआडून, यंत्राच्या हातांनी तो कापतात आणि आत काय झालंय ते बघतात. पुढचं इंधन जास्त टिकाऊ कसं करायचं ते त्यावरून कळतं. कागदावर या मालाला ‘भुक्तशेष इंधन’ म्हणतात. पंगत उठल्यावर उष्ट्याला एवढं भारदस्त नाव अजून कुणी दिलेलं नाही.

हे तुकडे बोटाएवढ्या जाडीचे. पण ते जिच्यातून जातात ती पोलाद आणि शिशाची पेटी एवढी अवजड की तिला ओढायला सोळा-वीस चाकांचा ट्रेलर लागतो. मूठभर वाल शिजवायला गावजेवणाचं पातेलं चढवावं, तसा तो प्रकार दिसतो. या जातीच्या पेटीला आधी उंचावरून आपटतात, मग आगीत भाजतात, मग पाण्यात बुडवतात. एवढं होऊनही तिने तोंड उघडलं नाही तर तिला कामावर घेतात. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्या गावातल्या जुन्या सासवा आठवल्या होत्या.

आमच्या विभागाचं काम म्हणजे ही पेटी कुठल्या रस्त्याने, कुठल्या वेळी, किती वेगाने आणि कुठे कुठे थांबत न्यायची ते ठरवणं. आणि ठरवल्यावर कुणाला न सांगणं. घरीदारी बोलायचं नाही हा पहिला नियम. माझ्या नवऱ्याला एवढंच माहीत आहे की मी ‘जड वाहतुकीत’ असते. त्याच्या भावाने घर बदललं तेव्हा नवऱ्याने मला विचारलं होतं, तुमच्याकडून एखादा टेंपो मिळेल का. पेटी कुठून निघणार होती आणि कुठे पोचणार होती, ते इथेही लिहिणार नाही. सवय आहे.

त्या वर्षी तीन रस्ते तपासायचे होते. त्यातला एक जुना मुंबई–पुणे रस्ता. माझं बिऱ्हाड कर्जतला, पण माहेर याच रस्त्यावर, लोधिवलीपासून फार लांब नाही अशा एका गावात. वडील गेल्यापासून आई तिथे एकटीच राहते. मी साहेबांना स्पष्ट सांगितलं, “साहेब, त्या रस्त्यावर माझ्या आईचं घर आहे. दुसऱ्या कुणाला पाठवा.”

साहेब नागपूरकडचे. प्रत्येक वाक्याआधी चष्मा पुसतात. म्हणाले, “म्हणूनच तुम्हाला पाठवतोय. आपलं घर रस्त्यावर असलं की माणूस मोजताना आळस करत नाही.”

त्या घराबद्दल सांगायला हवं. माझ्या आजोबांचं घर ओढ्याच्या पलीकडे, वस्तीच्या शेवटच्या टोकाला होतं. ती जागा त्यांनी निवडलेली नव्हती, गावाने नेमून दिलेली होती. छप्पन्न साली आजोबांनी धम्म घेतला. जागा तीच राहिली. वडील रसायनीच्या कारखान्यात लागले, वीस वर्षं तिन्ही पाळ्या केल्या, आणि रस्त्याला लागून चार गुंठे घेतले. त्या काळात रस्त्याकडची जागा आम्हाला विकायला कुणी सहजी तयार होत नसे. शेजारच्या काकांच्या वडिलांनी विकली, तर त्यांच्या भावकीने वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्या चार गुंठ्यांवर वडिलांनी कौलारू घर बांधलं, दार थेट रस्त्याकडे. आई सकाळी दार उघडून पायरीवर चहा घेत बसते, तेव्हा येणाराजाणारा तिला बघतो आणि ती त्याला बघते. तिला आयुष्यात जे काही मिळालंसं वाटतं त्यात हे पहिलं आहे. मी दुसरी असेन, फार तर.

पाहणी म्हणजे काही शौर्याचं काम नाही. मोऱ्या मोजायच्या, वळणं मोजायची, कुठे वायर खाली आलीय, शाळा कधी सुटते, बाजार कुठल्या वारी भरतो, दवाखाना किती लांब, ते लिहायचं. आणि थांबे शोधायचे. वाटेत काही झालं, टायर गेला, पुढे अपघात झाला, तर गाड्यांचा ताफा निवांत उभा करता येईल अशी मोकळी, सपाट, घरांपासून दूर असलेली जागा. आईच्या घराच्या थोडं पुढे, रस्त्याच्या पलीकडे एक मोठा माळ आहे. इतका योग्य माळ की तो बघून मला माझ्याच गावाचं कौतुक वाटलं. मी नकाशावर गोल काढला आणि लिहिलं, ‘थांबा क्रमांक चार. आजूबाजूस बांधकाम: शून्य. मध्यभागी जाळाच्या खुणा व फुटकी मडकी.’

साहेबांनी शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ मारली. ‘जाळ कसला? कोणी केला? पुन्हा होण्याची शक्यता?’

मी खुलासा लिहिला. पोपटी. वालाच्या शेंगा मडक्यात भरायच्या, भांबुर्डीचा पाला दाबून बसवायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. शक्यता: दर थंडीत, खात्रीने. साहेबांनी शेजारी लिहिलं, ‘प्रत्यक्ष पाहणी आवश्यक.’ मग आमची प्रत्यक्ष पाहणी झाली. काकांनी मडकं लावलं, साहेबांनी जाळापासूनचं अंतर पावलांनी मोजलं आणि शेंगा दोनदा मागून घेतल्या. अहवालात मात्र ‘हंगामी, नियंत्रित स्वरूपाचा जाळ’ एवढंच आलं.

चूक झाली ती याच सुमाराला. आम्ही कोण आणि का फिरतोय असं कुणी विचारू नये म्हणून वरच्या कचेरीतून ग्रामपंचायतीला एका ओळीचं पत्र गेलं: ‘मार्ग पाहणीसाठी सहकार्य करावे.’ ज्याने हे वाक्य लिहिलं तो बिचारा आमच्या तालुक्यात कधी राहिला नसणार.

फेब्रुवारीच्या अखेरीस मी फेरमोजणीला गेले, तर थांबा क्रमांक चारवर चाळीसेक कलमं ओळीने उभी होती आणि कोपऱ्यात पत्र्याच्या दोन कोऱ्या शेड. काका मोटरसायकलला कॅन बांधून पाणी आणत होते.

“कलमं लावलीत, काका?” मी विचारलं.

“लावली गं बाय. म्हातारपनी आंबे खावंसं वाटतात.”

“उन्हाळा तोंडावर आलाय. जगतील का?”

“आंबे उन्हाळ्यातच खायाचं असतात.”

मग त्यांनी गाडी स्टँडवर लावली, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “तू काय सांगू नको. तुजी नोकरी हाय, आमाला समजतं. आमी काय विचारतच नाय. नुसती मान हलव. ह्या अंगानं रुंद होनार का त्या अंगानं?”

“काका, मला खरंच काही माहीत नाही.”

“शाब्बास,” काका म्हणाले. “असंच म्हनायचं. कोनी इचारलं तरी असंच म्हनायचं.”

मार्चमध्ये शेडचा आकडा सहावर गेला. एका शेडवर गॅरेजची पाटी लागली, दुसरीत तीन शेळ्या राहायला आल्या. साहेबांनी माझे तिन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “जानेवारीत शून्य, आता सहा. तुम्ही मोजता की पेरता?”

मी त्यांना कलमांचं शास्त्र समजावलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि हुकूम काढला की यापुढे टेप न्यायची नाही. मग मी आणि आमचा ड्रायव्हर रविवारी, साध्या कपड्यांत, खिशातलं लेझरचं यंत्र घेऊन गेलो. मी तोंडाला ओढणी गुंडाळली होती आणि ड्रायव्हरने गॉगल लावला होता. संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरली की मुंबईचं कुणीतरी श्रीमंत जोडपं फार्महाऊसला जागा बघून गेलं. आमचा ड्रायव्हर त्या बातमीवर चार दिवस खूश होता.

या सगळ्या गडबडीत गावात एकाच माणसाने कलम लावलं नाही की शेड बांधली नाही. ती म्हणजे माझी आई. आमच्या घरालगत रस्त्याकडेला चांगली दहा-बारा हात पट्टी रिकामी होती, ती तशीच राहिली. हे गावाच्या नजरेतून सुटणार कसं? त्यांनी त्याचा अर्थ लावला: लेक मोजणीवर आहे, म्हणजे आईला आतलं ठाऊक असणार, ती आपल्या बाजूला काही लावत नाही, म्हणजे रस्ता त्या बाजूने वाढत नाही. पण मग तिच्या समोरच्या बाजूने नक्की वाढणार. आधीच माळावर लावलेले लोक सुखावले, अलीकडचे लोक आपापली कलमं उपटून रस्त्यापलीकडे नेऊ लागले. पुढे एके दिवशी आईने पट्टीतला पालापाचोळा झाडून काढला. संध्याकाळच्या आत तीन घरांनी आपली कलमं परत अलीकडे आणली. एखाद्या मंत्र्याच्याही हालचालींवर कुणी एवढी पाळत ठेवत नसेल. मी हे सगळं साहेबांना सांगून हसवलं, कर्जतला येऊन नवऱ्याला अर्धवट सांगून हसवलं, आणि त्या सगळ्या हसण्यात आई स्वतः काय समजून बसली असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

ती मला काही विचारायची नाही. मी मोजणी करून घामाघूम होऊन घरात शिरले की “दमलीस गं” म्हणायची आणि वालाचं बिरडं वाढायची. काका विचारायचे, सरपंच विचारायचे, दूधवाला विचारायचा, आई नाही. मला वाटायचं, किती समंजस आहे माझी आई.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला मी माहेरी गेले. आमच्याकडे बुद्धपौर्णिमेच्या आत घर शाकारून झालेलं असतं. कौलं उतरवायची, फुटकी काढायची, वासे बघायचे, पुन्हा बसवायची. वडील असताना ते स्वतः वर चढायचे, ते गेल्यापासून आई माणूस लावते, पण दिवस चुकवत नाही. या वेळी कौलांवर गेल्या पावसाळ्यातलं शेवाळ तसंच वाळलेलं होतं. मागच्या पडवीवर तर चार-पाच कौलं सरकून आभाळ दिसत होतं.

मी चिडले. माझा स्वभाव आहे तो. “आई, पंधरा-वीस दिवसांत पाऊस येईल. कौलं का नाही परतून घेतलीस? काय वाट बघतेस?”

“कशाला उगाच खर्च,” ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

आत गेले तर भिंतीवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन. वडिलांचा फोटो खाली उतरवून जुन्या लुगड्यात बांधून ठेवलेला. पितळेचे डबे गोणीत. मी विचारलं, हे काय. म्हणाली, रंग द्यायचाय भिंतीला. ज्या घराच्या कौलांवर खर्च करायचा नाही त्याच्या भिंतीला रंग द्यायचाय, असं माझी आई मला सांगत होती. आणि तिला खोटं बोलता येत नाही, त्यामुळे ती गोणीकडे बघत बोलत होती.

तेव्हा मला कळलं. गावाने काहीही अर्थ लावला असू दे, तिने आपला अर्थ लावला होता: घर जाणार. लेकीला माहीत आहे, पण नोकरीच्या बंधनामुळे ती सांगू शकत नाही. म्हणून लेकीला अडचणीत टाकायचं नाही, विचारायचं नाही, आपली आवराआवर हळूहळू करून ठेवायची. आणि कलम का नाही लावलंस असं विचारल्यावर म्हणाली, “तुज्या कामात मी खोटं झाड लावू? लोक काय म्हनतील?”

“आई, घर जाणार नाही,” मी म्हटलं. “शपथेवर सांगते. रस्ता रुंद होत नाहीये.”

“नाय जानार तर नाय,” ती म्हणाली. आजारी माणसाची समजूत घालताना लोक ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात. “तू तरी काय करनार? तुजी नोकरी हाय.”

चार महिने मी दारोदार ‘मला काही माहीत नाही’ म्हणत फिरले होते, आणि गावाने मला शाबासकी दिली होती की मी किती सफाईने खोटं बोलते. आता खरं बोलले तर माझ्या आईनेच विश्वास ठेवला नाही. मी न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि रडले. पन्नाशी उलटलेली बाई, जड वाहतुकीतली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना म्हटलं, “आईला एवढंच सांगू द्या की आपलं काम कसलं आहे. ती कुणाला बोलणार नाही.”

त्यांनी चष्मा बराच वेळ पुसला. “नाही,” ते म्हणाले. मग चष्मा डोळ्यांवर चढवून, “माझीही आई होती. तिला अर्धं सांगितलं की उरलेलं ती रात्रीच्या जेवणापर्यंत शोधून काढायची. आईला अर्धं सांगता येत नाही, आणि पूर्ण सांगायची परवानगी मलाही नाही.”

पण माणूस चांगला. त्यांनी वर पत्र लिहिलं, खटपट केली, आणि आठवड्याभरात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सही-शिक्क्याची सूचना लागली: ‘सदर रस्त्याच्या रुंदीकरणाचा कोणताही प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन नाही.’

मी धावत सूचना बघायला गेले. फळ्यापुढे वीस-पंचवीस माणसं जमली होती. काकांनी ती मोठ्याने वाचली, मान डोलावली आणि म्हणाले, “घ्या. आता नक्की झालं.”

सरकार कधी न विचारता नाही म्हणतं का, असा त्यांचा सवाल होता. त्या आठवड्यात तीन शेड वाढल्या. साहेबांनी थांबा क्रमांक चारवर लाल फुली मारली आणि आम्ही पुढे दुसरी जागा शोधली, या वेळी गाडीतून न उतरता. आणि आईने वडिलांचा फोटो भिवपुरीला माझ्या मामाकडे पाठवून दिला. मामाने मला फोन करून विचारलं, “काय गं, ताई कुटं जानार हाय का?” मी म्हटलं, मामा, कुठे नाही जाणार. तो “बरं बरं” म्हणाला. त्याचाही विश्वास बसला नाही.

मे संपता संपता चाचणी ठरली. तिन्ही रस्त्यांवर एकेकदा, पेटी रिकामी ठेवून पूर्ण ताफा न्यायचा. वजन तेच, वेग तोच, माणसं तीच. फक्त आत काही नाही. जुन्या रस्त्याची पाळी आली त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास आम्ही आमच्या गावाजवळ पोचलो. पुढे पोलिसांची जीप, मग ट्रेलर, त्याच्या मागे आमची गाडी, मागे आणखी दोन. मी ड्रायव्हरशेजारी. तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी, अंगात सगळ्यांचं तसंच जाकीट. माझ्या मते मला जन्म दिलेल्या बाईनेही ओळखलं नसतं.

आईच्या घराशी रस्ता थोडा वळतो. वेग कमी करायचा असं मीच कागदावर लिहिलं होतं. जीपमधला एक माणूस खाली उतरून पुढे चालत गेला, त्याने शेळ्या बाजूला केल्या, एका रिक्षाला हात केला. ट्रेलर इतका सावकाश वळला की टायरखालची खडी वेगवेगळी ऐकू येत होती. सगळा गाव कडेला उभा. मला डाव्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्यात, आमची पायरी दिसत होती आणि पायरीवर पांढरं पातळ. मी मान सरळ ठेवली. समोर ट्रेलरच्या मागच्या पट्टीवरचे लाल-पांढरे पट्टे मोजले. अकरा होते.

पुढच्या रविवारी मी माहेरी गेले तेव्हा छपरावर माणूस होता. अंगणात कौलांच्या चळती लागल्या होत्या आणि आई खालून वर सूचना देत होती, तो गडी वैतागेल इतक्या. मी पडवीत जाऊन बसले. आधी तांब्याभर पाणी प्यायले.

ती चहा घेऊन शेजारी बसली. “त्या दिशी मोठी गाडी गेली. बगितलीस?”

“कुठली?” मी म्हटलं. काय बोलणार.

“बरं, नको सांगू. मी सांगते.” तिने बशीत चहा ओतला. “रस्ता रुंद करनारी मानसं घरापाशी उतरतात, भिंतीवर आकडा घालतात आन जातात. ही मानसं घरापासनं गाडी राखून नेत होती. शेळ्यांना सुदिक हातानं बाजूला केलं. पाडायचं असतं त्याला कोन एवढं जपतं? तवाच मी म्हनले, घर राहतंय. आपली लेक घर पाडायच्या कामावर नाय, कायतरी जपायच्या कामावर हाय. दुपारीच मानूस सांगितला.”

चार महिने, तीन नकाशे, एक सरकारी सूचना आणि माझी शपथ यांना जे जमलं नव्हतं ते एका वळणावर झालं होतं. मी आईकडे बघून हसले. ती हसली नाही.

“एकच सांग,” ती म्हणाली. “आत काय असतंय ते नको. पन ते वाईट असंल तर, गाडीला काय झालं तर, पयलं कोनाला लागंल? घराला?”

“घरापर्यंत काही येणार नाही, आई. त्यासाठीच तर सगळं मोजलं.”

“मग कोनाला?”

मला खोटं बोलायचं नव्हतं. या घरात तरी आता नाही. “आम्हाला. जे जवळ असतात त्यांना.”

“तू किती जवळ हुतीस?”

“दहा-पंधरा हात.”

“दर वेळी?”

“हो.”

वरून गड्याने काहीतरी विचारलं, तिने हातानेच त्याला थांबवलं. चहा बशीत तसाच राहिला. मी म्हटलं, “आई, पेटी मजबूत असते. खूप मजबूत. आणि तू मला ओळखलंस तरी कशी? मी मास्क लावला होता.”

“सगळी मानसं घराकडं बगत गेली,” ती म्हणाली. “पोलीस, डायव्हर, मागच्या गाडीतली पोरं, सगळी. रस्त्याला लागून घर, दारात म्हातारी, कोनीबी बगतंच. एकच जन मान ताठ करून म्होरं बगत बसला हुता. तवाच वळखलं.” मग तिने माझं मनगट धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं घट्ट. “एवढ्या जवळ बसून जातेस, तर घराकडं बगून तरी जायाचं गं.”